तान्ह्या पोळ्याचा बैल आणि खेळण्याचे आयुष्य

श्रावण अमावास्येला शेतकऱ्याचा पोळा आणि दुसऱ्या दिवशी लहान मुलांचा तान्हा पोळा, ही विदर्भाची रीत आहे. नागपूरचे दुसरे रघुजी भोसले यांनी १८०६ मध्ये तान्हा पोळा सुरू केला असे सांगितले जाते. यवतमाळ जिल्ह्यातल्या, पूस नदीकाठच्या पुसदमध्येही हा सण मुलांचा आहे. मुले लाकडी बैल सजवतात, दोरीने ओढत चौकात आणतात आणि मग घरोघर फिरून बोजारा मागतात. बोजारा म्हणजे मुलांच्या हातावर ठेवलेला खाऊ किंवा पैसे. चाके लावलेला हा बैल पूजेचा मान मिळवतो, पण मुळात ते एक खेळणे आहे. वर्षातून एकदा ते मिरवते, उरलेले दिवस माळ्यावर किंवा कपाटावर काढते आणि पुढच्या वर्षी पुन्हा खाली उतरते. कित्येक घरांत बापाने ओढलेला बैल मुलगा ओढतो.

खेळण्यांच्या उद्योगात पर्यावरण सांभाळण्याचे प्रयत्न आता जगभर सुरू आहेत. प्लास्टिकच्या जागी दुसरा पदार्थ आणणे, विषारी रसायने काढून टाकणे, वेष्टने कमी करणे, जुनी खेळणी परत घेणे, असे त्यांचे चार-पाच प्रकार आहेत. या सगळ्यांत सर्वाधिक बोलबाला पदार्थ बदलण्याचा आहे. खेळणे कशाचे बनले, हा प्रश्न महत्त्वाचा आहेच. पण ते किती वर्षे टिकते, किती मुलांच्या हातांतून जाते आणि मोडल्यावर ते दुरुस्त करणारा माणूस जवळपास आहे का, हे प्रश्न त्याहून निर्णायक आहेत. खेळण्याचा पर्यावरणावरचा भार त्याच्या आयुष्याने भागून काढला पाहिजे. असा भागाकार केला की उद्योगाच्या अनेक घोषणांचे वजन कमी होते आणि पोळ्याच्या बैलासारख्या साध्या वस्तूचे वाढते.

बैलाची रचना पाहिली तर त्याच्या दीर्घायुष्याचे कारण कळते. धड एका ठोकळ्यातून कोरलेले असते. पाय खाली फळीवर बसवलेले असतात आणि फळीच्या दोन्ही टोकांना आस घालून चार चाके लावलेली असतात. शिंगे बहुधा वेगळी घडवून डोक्यातल्या खाचेत ठोकलेली असतात. पुढे दोरीसाठी खिळा किंवा कडी असते. यातला प्रत्येक भाग डोळ्यांना दिसतो आणि हाताने सुटतो. चाक झिजले तर चाक बदलता येते, शिंग तुटले तर नवे ठोकता येते, रंग उडाला तर पोळ्याच्या आधी घरीच हात फिरवता येतो. दुरुस्तीला लागणारी हत्यारे करवत, पटाशी, हातोडी एवढीच. आणि ती चालवणारा सुतार तालुक्याच्या गावी असतोच. शिंगांना बेगड, पाठीवर झूल, गळ्यात घुंगरमाळ ही सजावट दरवर्षी नवी होते, त्यामुळे जुनाच बैल मुलाला दरवर्षी नवा वाटतो. नवेपणाची भूक सजावटीने भागते आणि वस्तू मात्र तीच राहते.

त्याच्या शेजारी बाजारातली स्वस्त प्लास्टिकची मोटार ठेवावी. मागे ओढून सोडली की पळणारी ही मोटार दोन कवचांची असते. प्लास्टिकचे दाणे वितळवून साच्यात दाबले की ही कवचे काही सेकंदांत तयार होतात. त्यांच्या पोटात दातेरी चाकांचा आणि स्प्रिंगचा एक बंद डबा असतो. कवचे एकमेकांत अशी अडकवलेली किंवा चिकटवलेली असतात की उघडायला गेले की फुटतात. एक दाता तुटला की मोटार पळत नाही, आणि तो दाता बदलण्याची सोय कुठेच नाही. दिव्याची किंवा आवाजाची मोटार असेल तर आत बटणाएवढी बॅटरी, तांब्याची तार आणि छोटा सर्किटचा तुकडाही असतो. भंगारवाल्याला बादली किंवा खुर्ची चालते, कारण ती एकाच जातीच्या प्लास्टिकची असते. खेळण्यात मात्र दोन-तीन जातींचे प्लास्टिक, धातूचे स्क्रू, रबर, रंग आणि चिकटवलेली चित्रे एकत्र असतात. त्यांची फोड करण्याची मजुरी मालाच्या किमतीपेक्षा जास्त पडते, म्हणून ते कचऱ्यातच जाते.

हा कचरा किती मोठा आहे, याची कल्पना एका जागतिक अभ्यासावरून येते. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने २०१४ मध्ये ग्राहकोपयोगी मालाच्या उद्योगांतील प्लास्टिकचा हिशोब मांडला. कमाईच्या प्रमाणात सर्वाधिक प्लास्टिक वापरणारा उद्योग त्यात खेळण्यांचा निघाला. अन्न किंवा शीतपेयांचे उद्योग एकूण प्लास्टिक जास्त वापरतात, पण त्यांची उलाढालही प्रचंड असते. खेळण्यांत प्लास्टिक हाच मुख्य माल असतो. पुसदसारख्या गावात त्याची पुढची वाट नदीची आहे. नालीत गेलेला तुकडा पावसाळ्यात पूस नदीत येतो. पूस पैनगंगेला मिळते, पैनगंगा वर्धेला, वर्धा आणि वैनगंगा मिळून प्राणहिता होते आणि प्राणहिता गोदावरीत जाते. पुसदच्या मुलाच्या हातातून सुटलेल्या मोटारीच्या चाकाला बंगालच्या उपसागरापर्यंत जायला नदीचा रस्ता आहे.

प्लास्टिकच्या खेळण्यांचा दुसरा प्रश्न रसायनांचा आहे. पीव्हीसी हे मुळात कडक प्लास्टिक. बाहुलीचे गाल किंवा आंघोळीच्या वेळचे बदक मऊ करण्यासाठी त्यात थॅलेट वर्गातील रसायने मिसळली जातात. ती प्लास्टिकशी पक्की जोडलेली नसतात; मूल खेळणे चोखते तेव्हा लाळेत उतरतात. शरीरातील संप्रेरकांच्या कामात ती ढवळाढवळ करतात, म्हणून युरोपीय संघाने १९९९ मध्ये त्यांवर तात्पुरती बंदी घातली आणि २००५ मध्ये सहा थॅलेटांवरील निर्बंध कायम केले. रंगांतील शिसे हा तिसरा प्रश्न. पिवळ्या आणि नारिंगी रंगांसाठी शिशाचे क्षार दीर्घकाळ वापरले गेले, आणि शिसे मुलांच्या मेंदूच्या वाढीला घातक आहे. २००७ मध्ये मॅटेल या अमेरिकन कंपनीला चीनमध्ये बनवून घेतलेली लाखो खेळणी शिशाच्या रंगामुळे बाजारातून परत बोलवावी लागली. पुढच्याच वर्षी अमेरिकेने मुलांच्या वस्तूंतील शिशावर कडक कायदा केला. भारतात घरगुती आणि सजावटीच्या रंगांतील शिशाची मर्यादा दशलक्ष भागांत ९० भाग अशी ठरवणारे नियम २०१६ मध्ये आले आणि ते नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाले.

भारतातील खेळण्यांच्या धोरणाला खरे वळण २०१९ नंतर मिळाले. भारतीय गुणवत्ता परिषदेने बाजारातील आयात खेळण्यांचे नमुने तपासले, तेव्हा त्यांतील सुमारे ६७ टक्के सुरक्षेच्या कसोटीला उतरले नाहीत. फेब्रुवारी २०२० मध्ये खेळण्यांवरील आयात शुल्क २० वरून ६० टक्के झाले. २०२३ मध्ये ते ७० टक्क्यांवर गेले. गुणवत्ता नियंत्रण आदेशाने १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांवर भारतीय मानक ब्यूरोचे चिन्ह बंधनकारक केले. आयएस ९८७३ या मानकाच्या वेगवेगळ्या भागांत टोकदार कडा, पेट घेण्याची शक्यता, जड धातूंचा पाझर आणि थॅलेट यांच्या मर्यादा आहेत. हस्तकला विकास आयुक्तांकडे नोंदलेल्या कारागिरांना आणि भौगोलिक मानांकन मिळालेल्या खेळण्यांना या आदेशातून सूट दिली गेली. २०१४-१५ ते २०२२-२३ या काळात खेळण्यांची आयात ५२ टक्क्यांनी घटली आणि निर्यात २३९ टक्क्यांनी वाढली.

या धोरणाचे श्रेय मान्य करून त्याची मर्यादाही सांगितली पाहिजे. मानकचिन्ह हे मुलाच्या सुरक्षेची हमी देते. खेळणे किती टिकेल, ते दुरुस्त होईल का, मोडल्यावर कुठे जाईल, याबद्दल ते काहीच सांगत नाही. आयात घटल्याने समुद्रापलीकडची वाहतूक घटली, पण चीनमध्ये बनणारी बंद कवचांची मोटार आता देशात बनू लागली तर कचरा तेवढाच राहतो. स्वदेशी आणि पर्यावरणस्नेही हे दोन शब्द एकाच अर्थाने वापरण्याची सवय या क्षेत्रात पडली आहे; ती घातक आहे. कारागिरांना दिलेली सूट ही त्यांच्या पोटासाठी आवश्यक आहे, पण सुटीचा अर्थ कुठलाही रंग चालेल असा होऊ नये. तालुक्याच्या गावी बैल रंगवणारा कारागीर प्रयोगशाळेचा खर्च करू शकत नाही. त्याला शिसेमुक्त रंगाचा डबा जवळच्या दुकानात, परवडणाऱ्या दरात मिळणे हाच त्यावरचा व्यवहार्य उपाय आहे.

खेळणे मोडल्यानंतरच्या टप्प्यावर भारतीय कायदा अर्धाच पोहोचला आहे. उत्पादकाने आपल्या मालाचा कचरा परत गोळा करण्याची जबाबदारी प्लास्टिकच्या नियमांत वेष्टनापुरती आहे. त्यामुळे खेळण्याभोवतीच्या पिशवीचा हिशोब कंपनीला द्यावा लागतो, पिशवीतल्या मोटारीचा द्यावा लागत नाही. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांत विजेवर चालणाऱ्या खेळण्यांचा स्वतंत्र वर्ग आला, हे पुढचे पाऊल आहे. पण साधे, बिनबॅटरीचे प्लास्टिकचे खेळणे अजून कुणाच्याच खात्यावर नाही. १ जुलै २०२२ पासून देशात ज्या एकदाच वापरायच्या प्लास्टिकच्या वस्तूंवर बंदी आली, त्यांत फुग्याच्या प्लास्टिकच्या काड्या आहेत. काडी बंद झाली. पण संध्याकाळपर्यंत मोडणारी प्लास्टिकची पिपाणी, चष्मा आणि घड्याळ जत्रेत तसेच विकले जाते. व्यवहारात हेही एकदाच वापरायचे प्लास्टिकच आहे. फ्रान्सने २०२० च्या कायद्याने खेळण्यांनाच उत्पादकाच्या जबाबदारीखाली आणले आणि २०२२ पासून ती व्यवस्था सुरू केली. भारतालाही हेच करावे लागेल.

मोठ्या कंपन्यांचे प्रयत्न या पार्श्वभूमीवर पाहण्यासारखे आहेत, आणि त्यांत सर्वांत बोधक उदाहरण डेन्मार्कच्या लेगोचे आहे. ही कंपनी १९३२ मध्ये बिलुंड गावातल्या ओले कर्क क्रिस्तियनसेन या सुताराने सुरू केली, आणि तिची पहिली खेळणी लाकडी होती. एकमेकांत घट्ट बसणाऱ्या प्लास्टिकच्या विटेचे पेटंट १९५८ मधले. १९६० मध्ये लाकडी खेळण्यांचा विभाग आगीत जळाल्यावर लाकूडकाम थांबले, आणि विटा १९६३ पासून एबीएस या कडक प्लास्टिकच्या होऊ लागल्या. २०१८ मध्ये कंपनीने झाडे-पानांचे तुकडे ब्राझीलच्या उसापासून बनवलेल्या प्लास्टिकचे केले. २०२१ मध्ये पाण्याच्या टाकाऊ बाटल्यांपासून बनवलेली वीट जगाला दाखवली गेली आणि तिचे मोठे कौतुक झाले. दोनच वर्षांनी, २०२३ मध्ये, कंपनीने हा मार्ग सोडल्याचे जाहीर केले. बाटल्यांचे प्लास्टिक विटेइतके कडक करण्यासाठी जादा घटक मिसळावे लागत होते, ते वाळवायला आणि घडवायला जादा ऊर्जा लागत होती आणि कारखान्यांची यंत्रे बदलावी लागणार होती. सगळा हिशोब केल्यावर कर्बवायूंचे उत्सर्जन कमी होण्याऐवजी वाढत होते.

हा निर्णय प्रामाणिक होता आणि त्याने एक गैरसमज दूर केला. पुनर्वापर केलेला पदार्थ म्हणजे आपोआप कमी भार, हे खरे नाही. लेगोच्या विटेचे खरे पर्यावरणीय बळ वेगळ्याच ठिकाणी आहे: १९५८ मधली वीट आजच्या विटेत बसते. आजोबांचा डबा नातवाच्या कामी येतो, एक वीट हरवली तर बाकीच्या निकामी होत नाहीत. पोळ्याच्या बैलाचा आणि या विटेचा गुण एकच आहे. अर्थात टिकाऊपणाची दुसरी बाजूही आहे. प्लिमथ विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२० मध्ये किनाऱ्यावर वाहून आलेल्या जुन्या विटा तपासल्या आणि समुद्रात त्या १०० ते १३०० वर्षे टिकू शकतील असा अंदाज मांडला. वस्तू टिकाऊ असेल तर ती घरात टिकली पाहिजे, नदीत नव्हे. म्हणून टिकाऊ वस्तू आणि परत घेण्याची व्यवस्था ही जोडी फोडता येत नाही.

इतर कंपन्यांची पावले थोडक्यात सांगता येतील. मॅटेलने २०३० पर्यंत आपल्या सगळ्या वस्तू आणि वेष्टनांतील प्लास्टिक पुनर्वापर केलेले, पुनर्वापर होण्याजोगे किंवा वनस्पतीजन्य करण्याचे उद्दिष्ट ठेवले आहे, आणि २०२१ पासून काही देशांत जुनी खेळणी परत घेण्याची योजना चालवली आहे. हॅस्ब्रोने नव्या खेळण्यांच्या वेष्टनांतून प्लास्टिक काढण्याचा कार्यक्रम आखला. खाद्यपदार्थांबरोबर फुकट मिळणाऱ्या खेळण्यांविरुद्ध २०१९ मध्ये इंग्लंडमधील दोन शाळकरी बहिणींनी सह्यांची मोहीम चालवली. तिला लाखोंचा पाठिंबा मिळाला. त्यानंतर बर्गर किंगने ब्रिटनमध्ये अशी प्लास्टिकची खेळणी बंद केली आणि मॅकडोनाल्ड्सने २०२१ मध्ये आपल्या खेळण्यांतील खनिज तेलापासून बनलेले नवे प्लास्टिक २०२५ पर्यंत मोठ्या प्रमाणावर घटवण्याचे जाहीर केले. या यादीत वेष्टन आणि पदार्थ आहेत; खेळणी कमी विकण्याचा किंवा दुरुस्तीचे सुटे भाग पुरवण्याचा मुद्दा जवळजवळ नाही. उद्योगाचा नफा नगांवर चालतो, त्यामुळे आयुष्याचा मुद्दा तो आपणहून उचलणार नाही. तो कायद्याने, शाळेने आणि घराने उचलायचा आहे.

लाकडाकडे परतणे हा मग सोपा मार्ग वाटतो, पण लाकूडही निर्दोष नाही. कर्नाटकातील चन्नपटणाची आणि आंध्रातील एटिकोप्पाकाची लाखेची खेळणी ज्या मऊ, पांढऱ्या लाकडाची होतात, त्या झाडाला मराठीत काळा कुडा म्हणतात. तोडल्यावर त्याच्या बुंध्याला नवे फुटवे येतात, म्हणून योग्य कालावधीने तोड केली तर झाड जिवंत राहते. आंध्रातल्याच कोंडापल्लीची खेळणी मात्र तेल्ला पोणिकी या एकाच झाडावर अवलंबून आहेत, आणि आसपासच्या टेकड्यांवर ते झाड विरळ होत गेल्याने कारागिरांपुढे अडचण उभी राहिली. सावंतवाडीच्या चितारआळीतली लाकडी फळे आणि खेळणी पांगाऱ्याच्या हलक्या लाकडावर वाढली. ज्या कलेने आपले झाड लावले नाही ती कला एक दिवस लाकडाअभावी थांबते. यवतमाळ जिल्हा सागवानाचा आहे. पण खेळण्यासाठी उभा साग पाडणे कुठल्याच हिशोबात बसत नाही. दारे-खिडक्या आणि पलंगांच्या कामातून उरलेले तुकडे बैलाच्या चाकांना, फळीला आणि शिंगांना पुरतात. धडासाठी मोठा ठोकळा लागतो, तो जुन्या घराच्या वाशातून किंवा खांबातून निघू शकतो. काळा कुडा विदर्भाच्या पानझडी जंगलातही वाढतो, आणि बांधावर लावलेल्या झाडांतून छोट्या खेळण्यांचे लाकूड मिळवणे शक्य आहे.

रंगांचेही तसेच आहे. चन्नपटणा आणि एटिकोप्पाका येथील कारागीर खरादीवर फिरणाऱ्या लाकडाला लाखेची कांडी लावतात. घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळून लाकडावर चढते. हा थर झाडावरच्या किड्याने तयार केलेल्या राळेचा असतो, आणि हळदीसारख्या वनस्पतिजन्य रंगांनी तो रंगवता येतो. लाखेची शेती विदर्भाला परकी नाही. गोंदिया आणि गडचिरोली भागात पळसावर लाखेचे किडे पोसले जातात. पळस तर पुसदच्या शिवारातही आहे, आणि त्याच्या फुलांचा केशरी रंग होळीत वापरण्याची चाल जुनी आहे. कच्चा माल आहे. त्याची खेळण्याशी सांधेजोड झालेली नाही.

पुसदच्या शेतीत खेळण्याचा आणखी बराच कच्चा माल आहे. हा कापसाचा प्रदेश. कापूस वेचून झाला की उभी राहिलेली पऱ्हाटी चुलीत जाते किंवा शेतातच पेटवली जाते. केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेने पऱ्हाटीचा भुसा दाबून पाट्या बनवण्याचे तंत्र विकसित केले आहे, आणि कोडी, ठोकळे, घरकुलाचे खेळ अशा सपाट खेळण्यांना अशी पाटी उपयोगी पडू शकते. मात्र पाटी चिकटवण्याचा डिंक मुलांच्या दृष्टीने सुरक्षित असला पाहिजे. शिंप्याच्या दुकानातल्या चिंध्या आणि गादीतला जुना कापूस यांतून बाहुली होते, ती धुता येते, उसवली तर शिवता येते आणि शेवटी मातीत मिळते. ज्वारीच्या धांड्याची बैलगाडी हे तर वऱ्हाडातल्या मुलांचे जुने खेळणे. चिपाडाच्या काड्या आणि आतले भेंड यांपासून मूल स्वतःच गाडी जोडते. ती दोन दिवसांत मोडते, पण तिचा कचरा होत नाही आणि तिने मुलाला जोडणी शिकवलेली असते. अशा रीतीने खेळण्यांच्या दोन जाती उपयुक्त ठरतात: एक पिढ्यान्‌पिढ्या टिकणारी आणि दुसरी सहज मातीत जाणारी. अडचण आहे ती तिसरीची, जी आठवडाभर खेळवते आणि शेकडो वर्षे उरते.

स्थानिक वस्तूंतून खेळ घडवण्याचा विचार महाराष्ट्राला नवा नाही. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले. पुढे अनुताई वाघ यांच्या साथीने ते काम कोसबाडला वाढले. माँटेसरी पद्धतीची महागडी साधने आदिवासी पाड्यात परवडणारी नव्हती, म्हणून त्यांनी शंख-शिंपले, दगड, बिया, पाने, काड्या यांतून शिक्षणाची साधने उभी केली. गरिबीने लादलेली ही मर्यादा त्यांनी पद्धतीचे बळ बनवली. नंतरच्या काळात अरविंद गुप्ता यांनी पुण्याच्या आयुका या खगोलविज्ञान संस्थेतील मुक्तांगण विज्ञान शोधिकेत काड्यापेट्या, सायकलच्या व्हॉल्व्हची नळी, जुनी वर्तमानपत्रे, बाटल्यांची झाकणे यांपासून शेकडो विज्ञान-खेळणी तयार केली आणि ती कशी करायची ते सर्वांना खुले करून दिले. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्या कामाचा गाभा असा की मुलाला तयार खेळण्यापेक्षा खेळणे उघडण्यात आणि बनवण्यात जास्त रस असतो. बंद कवचाची मोटार नेमका हाच रस मारते. म्हणजे जे खेळणे पर्यावरणाला बरे, ते मुलाच्या बुद्धीलाही बरे, असा हा दुहेरी लाभ आहे.

या मांडणीवर एक गंभीर आक्षेप येतो. कोरीव लाकडी बैल महाग असतो आणि प्लास्टिकची मोटार शेतमजुराच्या मुलालाही मिळते. प्लास्टिकने खेळणे गरिबाच्या घरात नेले, हे नाकारता येत नाही. त्या घराला पर्यावरणाचा उपदेश करणे अन्यायाचे ठरेल. शिवाय ज्यांच्या घरात आधीच प्लास्टिकची खेळणी आहेत त्यांनी ती फेकून लाकडी आणणे हाही अपव्ययच; आहे ते वापरून संपवणे हा पहिला धर्म. आक्षेपाचे उत्तर मालकीच्या पद्धतीत आहे. महाग पण टिकाऊ खेळणे एका घराने विकत घेण्याऐवजी अनेक घरांनी वाटून वापरले तर दर मुलामागचा खर्च स्वस्त प्लास्टिकहूनही कमी होतो. १९३५ मध्ये, महामंदीच्या काळात, अमेरिकेतील लॉस एंजेलिसमध्ये मुलांना खेळणी उसनी देणारी योजना सुरू झाली, ती याच गरजेतून. मुंबईच्या चिल्ड्रन टॉय फाउंडेशनने १९८० च्या दशकापासून देशात खेळण्यांची ग्रंथालये उभारण्याचे काम केले. पुस्तक जसे ग्रंथालयातून आणून वाचून परत करतात, तसे खेळणे आणून खेळून परत करण्याची सवय महाराष्ट्राच्या वाचनालयांच्या परंपरेला जवळची आहे.

पुसदसारख्या नगर परिषदेच्या गावात यातून एक कार्यक्रम सहज उभा राहतो. अंगणवाडी आणि जिल्हा परिषदेच्या शाळेत उसन्या खेळण्यांचे एक कपाट असावे. केंद्र सरकारने फेब्रुवारी २०२३ मध्ये तीन ते आठ वर्षांच्या मुलांसाठी ‘जादुई पिटारा’ हा खेळण्यांचा संच आणला. अशा संचात स्थानिक सुताराने आणि शिंप्याने केलेल्या खेळण्यांची भर पडावी आणि मोडलेल्या वस्तूंची दुरुस्ती त्यांच्याकडूनच व्हावी, म्हणजे खेळण्याबरोबर रोजगारही गावात राहील. घंटागाडीवर कडक प्लास्टिकची आणि बॅटरीची खेळणी वेगळी गोळा व्हावीत. शासनाच्या खरेदीत खेळण्याची किंमत जशी पाहिली जाते, तसे त्याचे सुटे भाग मिळतात का आणि ते स्क्रूने उघडते का, हेही पाहिले जावे. राज्य आणि केंद्र पातळीवर उत्पादकाची जबाबदारी वेष्टनावरून खेळण्यापर्यंत वाढावी, आणि मानकचिन्हात सुरक्षेच्या जोडीला दुरुस्तीयोग्यतेची नोंद यावी.

या कार्यक्रमाची सुरुवात तान्ह्या पोळ्याच्या चौकातच करता येते. ठिकठिकाणी या दिवशी बैलसजावटीच्या स्पर्धा होतात. बक्षीस सजावटीला असल्याने दरवर्षी प्लास्टिकच्या झालरी आणि चमकी वाढत जातात, मोठमोठे फायबरचे बैल येतात. थर्माकोलच्या सजावटीवर तर राज्यात २०१८ पासून बंदी आहे. स्पर्धेच्या नियमांत तीन बक्षिसे वाढवावीत: सर्वांत जुन्या बैलाला, सर्वांत चांगली दुरुस्ती केलेल्या बैलाला आणि मुलाने स्वतः घडवलेल्या बैलाला. त्यासाठी सरकारी निधी लागत नाही, नवे तंत्रज्ञान लागत नाही. ज्या बैलाचे एक शिंग नव्या लाकडाचे आहे, ज्याची चाके दोनदा बदलली आहेत आणि ज्याच्या पाठीवर जुन्या रंगाचे थर दिसतात, तो बैल ओढणाऱ्या मुलाला चौकात पहिला मान मिळाला, तर टिकवण्याची किंमत त्याला आणि बघणाऱ्या सगळ्यांना कळेल.